पट्ट्याचं पहिलं भोक

पाडव्याच्या सकाळी छबूबाईनं बनूला पाया पडू दिलं नाही, आणि तेव्हापासून भागिरथीच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

गुढी उभारून झाली होती. कडुनिंबाचा पाला चावून पोरीचं तोंड वाकडं झालं होतं, तरी नवं परकर-पोलकं घालून ती घरातल्या एकेकाच्या पाया पडत होती. आधी बापाच्या पडली, मग थोरल्या आईपुढं आली. थोरली आई म्हणजे छबूबाई, भागिरथीची थोरली जाऊ. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, पोटी मूल नाही. ओसरीवर शिलाईची मशीन टाकून मिरजगावातल्या बायकांचे झंपर शिवायचे आणि गप राहायचं, एवढंच तिचं जगणं. ती उंबऱ्याशी उभी होती. बारा वर्षांची बनू तिच्यापुढं कमरेत वाकली, हात पावलांशी गेले, आणि छबूबाईनं चटका बसावा तसे पाय मागं घेतले.

"ऱ्हाऊ दे. ऊठ गं. आधी ऊठ."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"का वं जाऊबाई?" भागिरथी चुलीपासून उठून आली. "पाडव्याच्या दिशी पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला बी जड झालं व्हय?"

"तसं न्हाई, भागिरथी. दमली आसंल ती."

"नमस्कार करून कोन दमलंय आजपत्तूर?"

"सनासुदीचं तोंडाला लागू नका," रंभाजी म्हणाला. तो एस.टी.त कंडक्टर. घरात चार दिवस असायचा आणि चार दिवस बाहेर, म्हणून घरात असे त्या दिवशी त्याला शांतता लागे.

भागिरथी चुलीकडं परतली. भांडणारी बाई नव्हतीच ती. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं पाळणारी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारी. पण न बोलणाऱ्या माणसाच्या मनात एकदा काही शिरलं की ते बाहेर पडायला वाट राहत नाही. दुपारी बनूचं पोलकं तिच्या नजरेला पडलं. उजव्या अंगाला काठ बोटभर वर, डाव्या अंगाला खाली. पोलकं छबूबाईनं शिवलेलं.

"जाऊबाई, ह्ये वाकडं बेतलंय तुमी."

"कापड सरळ हाय गं," छबूबाई म्हणाली, आणि पुढचं बोलणं तिनं गिळलं. ते गिळलेलं भागिरथीनं बरोबर पाहिलं.

मग तिला पुष्कळच दिसायला लागलं. बनू केर काढायला वाकली की मशीन थांबायची. बनू पाटा-वरवंट्याशी बसली की छबूबाईची नजर तिच्या पाठीवर. न्हाणीतून ओल्या पाठीनं बाहेर आली की हिचं डोकं त्याच बाजूला वळलेलं. निपुत्रिक बाईची नजर, भागिरथी मनात म्हणायची आणि लगेच देवाची क्षमा मागायची. क्षमा मागून झाली की पुन्हा तेच म्हणायची.

वैशाखात सुई शोधताना तिनं मशीनचा खण उघडला. छबूबाईला आकडे वाचता येत नसत. टेप असून नसल्यासारखी. ती दोऱ्यानं माप घ्यायची आणि जिथं जे यायचं तिथं गाठ मारायची. गावातल्या प्रत्येक बाईचा एक दोरा, आणि ओळखायला त्याच्या टोकाला तिच्याच कापडाची चिंधी. असे साठ-सत्तर दोरे खणात असायचे, त्यात नवल काही नव्हतं. पण खाली, कोपऱ्यात, हळदीच्या फडक्यात गुंडाळलेले तीन दोरे निराळे होते. तिन्हीला बनूच्या पोलक्याची चिंधी. तिन्हीवर दोन-दोन गाठी.

भागिरथीनं ते उजेडात धरले. हळद, दोरा, गाठ, पोरीची चिंधी. आणखी काय लागतं करणीला?

तिनं आरडाओरडा केला नाही. रंभाजी ड्युटीवरून येईपर्यंत दोन दिवस ते फडकं पदराखाली बाळगलं, आणि तो हातपाय धुऊन बसल्यावर त्याच्यापुढं उलगडून ठेवलं.

"विचारा तुमच्या भावजयीला, ह्ये काय हाय म्हणून."

छबूबाई आली, दोरे बघितले आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"बनूचं माप हाय," ती म्हणाली. "मानंच्या हाडापासनं कमरंपत्तूर. ही गाठ डाव्या अंगाची, ही उजव्या. ह्यो दोरा पाडव्याचा. दोन्ही गाठींत अर्ध्या बोटाचा फरक. ह्यो चैती पुनवंचा. आन् ह्यो परवाचा, बघा. एक बोट झालंय. पोलकं सरळच हाय, दाजी. पोरीची पाठ वाकडी चाललीय."

"पाठ?" रंभाजी म्हणाला.

"पाडव्याला पाया पडाया वाकली तवा दिसली मला. उजव्या अंगाला बरगड्या वर आल्याती. माझ्या अंगावर काटा आला."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?" भागिरथीनं विचारलं.

छबूबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "सांगितलं आसतं तर तू म्हनली आसतीस, वांझेनं लेकरात खोट काढली."

भागिरथी अगदी हेच म्हणाली असती.

"आन् हळदीच्या फडक्यात?"

"हातात आलं त्या फडक्यात बांधलं. गावात कुनाच्या नजरंला पडू नये, येवढंच. पोरीची जात हाय."

रंभाजीनं तिथल्या तिथं ठरवलं, रजा मिळाली की नगरला मोठ्या दवाखान्यात. पण भागिरथीचं समाधान झालं नाही. बोलणं गोड होतं आणि जागच्या जागी बसत होतं. खोटं असंच तर बसतं. कुणी सांगावं, आधी दोरा बांधला आणि मग पाठ वाकली?

म्हणून दवाखान्याच्या आधी तिनं तिच्या मार्गानं जायचं ठरवलं. वैशाखी पौर्णिमेला बनूला घेऊन ती गावाबाहेरच्या भैरोबाला गेली आणि तिच्या हाताला धरून नवस बोलली. एक वर्ष, रोज पहाटे, भैरोबापुढं एकवीस दंडवत. मुक्यानं जायचं, मुक्यानं यायचं.

"आन् कुनाला सांगायचं न्हाई," तिनं बनूला बजावलं. "थोरल्या आईला तर मुळीच न्हाई. मला बी न्हाई. सांगितलं की फळ गेलं, आन् एक दीस चुकला की देव कोपला. समजलं?"

"तुला बी न्हाई?"

"मी इचारनारच न्हाई."

त्यानंतर तिनं खरंच विचारलं नाही. रोज पहाटे पोर तांब्या घेऊन जाते, परत येते, एवढं ती बघायची आणि मनातल्या मनात हात जोडायची.

ज्येष्ठात नगरला गेले, तेव्हा छबूबाईही बरोबर आली. नको म्हणायला भागिरथीकडं कारण नव्हतं. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, आवाज करडा. त्यांनी बनूला पोलकं काढायला सांगितलं. परक्या ठिकाणी मोठ्या होत चाललेल्या पोरीचं उघडं अंग बघवेना म्हणून भागिरथीनं तोंड भिंतीकडं केलं.

"पाय जुळव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात जोड, आणि पाया पडताना वाकतात तशी वाक."

 मग आतला फोटो काढला, तो काचेवर लावला, आणि भागिरथीला बोलावून दाखवला. काळ्या कागदावर पोरीचा कणा, पाण्यातून सापानं जावं तसा एका अंगाला गेलेला.

"ओल्या लुगड्याला पीळ देता ना, तसं झालंय. कणा नुसता बाजूला वळत नाही, वळता वळता पिळतो. म्हणून बरगड्या एका अंगाला उचलल्यात."

"हांडे वाहून झालं का वं बाई?"

"नाही."

"ल्हानपनी कडेवर एकाच अंगाला घेत हुते मी."

"त्यानंही नाही."

भागिरथीनं आवाज खाली आणला. "कुनी काय केलं आसंल?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "कुणी काही केलेलं नाही. तिनं नाही, तुम्ही नाही, शेजारणीनं नाही. या वयाच्या पोरींत असं होतं, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही."

कारणाशिवाय झाडाचं पान हलत नाही, आणि या शिकलेल्या बाई सांगतात कारण नाही. भागिरथीला हेही संशयाचंच वाटलं. कुणाला सांभाळून घेत होत्या त्या? छबूबाईनं तेवढ्यात कनवटीचे दोरे काढून पुढं केले. डॉक्टरीणबाईंनी ते टेबलावर एकाखाली एक मांडले, फूटपट्टी लावली, आणि छबूबाईकडं आदरानं बघितलं.

"हे तुम्ही केलंत? दीड महिन्यात किती वाढलं ते याच्यावरून कळतंय. आमच्याकडंसुद्धा पेशंटचं असं टिपण कुणी आणत नाही."

भागिरथीनं पोरीला जवळ ओढून तिचं पोलकं नीट केलं.

बाक अठ्ठावीस अंशांचा निघाला. बनूला अजून पाळी आलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं, की उंची वाढते त्या दोन-तीन वर्षांत हा बाक पळत सुटतो. पट्टा त्याला घालवत नाही, धरून ठेवतो. रात्रंदिवस, तेवीस तास, आंघोळीपुरता एक तास सोडून. धरून ठेवता आला तर पोर चारचौघींसारखी चालेल. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढं गेला तर पुण्याला मोठं ऑपरेशन. पाठ उघडायची, कण्याला लोखंडी सळई लावायची, वर्षभर प्लास्टरमध्ये निजवायचं.

"आन् जिवाला?" रंभाजीनं विचारलं.

"मोठं ऑपरेशन आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यावर थांबल्या.

पट्टा सहादेवानं केला. दवाखान्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये तो पोलिओच्या मुलांचे बूट आणि सळ्या बनवायचा. कमरेला जाड चामड्याचा साचा, त्यातून पुढं एक आणि मागं दोन पोलादी पट्ट्या उभ्या, वर गळ्याभोवती कडं, हनुवटी टेकायला बोळकं. उजव्या बरगड्यांवर दाबायला एक गादी. बकलं सगळी पाठीमागं.

"पाच भोकं हायेत," सहादेव म्हणाला. "तिसऱ्यावर बांधायचं. ढिला बांधला तर हा पट्टा म्हंजे नुसता दागिना. आन् पोरीचं पोरीला बांधता यायचं न्हाई, घरच्या मानसानं बांधायचं. कोन बांधनार?"

"मी," भागिरथी म्हणाली. छबूबाईचा हात पुढं आला होता, तो मागं गेला.

श्रावणात बनू पट्टा घालून शाळेत गेली. मान ताठ, हनुवटी वर, खाली बघायचं तर सगळं अंग कलवायचं. पहिल्या दिवशी पोरं ओरडली, "आली रं घोडी, खोगीर घालून!"

"खोगीर माझं आन् लाथ बी माझीच," बनू म्हणाली. "कुनाला खायाची?"

घरी येऊन मात्र रडली. रडतानाही तिला मान खाली घालता येईना.

भागिरथी रोज पहाटे पोरीला आंघोळ घाली, तिसऱ्या भोकावर पट्टा बांधी आणि रानात जाई. संध्याकाळी येऊन बघावं तर पट्टा पहिल्या भोकावर. एकदा नाही, रोज.

"कुनी सोडला?"

 बनू डोळे बाजूला करून उभी राहायची.

"थोरल्या आईनं?"

"आपोआप ढिला हुतो."

लोखंडी बकल दोन भोकं आपोआप मागं येतं होय? पोर कुणाला तरी भिऊन खोटं बोलत होती, हे उघड दिसत होतं. दिवसभर घरात कोण असतं? मशीनवाली. दवाखान्यात शाबासकी कुणी मिळवली? मशीनवालीनं. आता तिचा दोरा खरा ठरायचा तर पाठ वाकायलाच हवी. भागिरथीनं बकलात बारीक दोरा अडकवून बघितला. संध्याकाळी दोरा तुटलेला. चामड्यावर कोळशाची खूण केली. खूण सरकलेली. तपासणीच्या मधल्या दोन वेळा रंभाजीच पोरीला नगरला नेऊन आणायचा. सगळं ठीक चाललंय, रात्रंदिवस घालते, असं सांगून यायचा, कारण भागिरथीनं त्याला तसंच सांगितलेलं होतं. बाहेरच्यांपुढं घरातली घाण कशाला?

घरात मात्र तिनं विषय काढला. "जाऊबाईंना जामखेडला माहेरी धाडा."

रंभाजी चमकला. "डोकं ठिकाणावर हाय का? थोरल्या भावाची बायकू हाय ती. पुरावा काय तुझ्याजवळ?"

"आनते पुरावा."

माघात एका दुपारी ती ज्वारीची राखण अर्धी टाकून घरी आली. पावलांचा आवाज होऊ दिला नाही. ओसरीवर मशीन बंद होती. आत बनू शाळेच्या सुट्टीत जेवायला आलेली, भिंतीकडं तोंड करून उभी, आणि तिच्या मागं छबूबाई, दोन्ही हात बकलावर.

"सापडलात!"

आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज इतका चढला. बनू दचकली. छबूबाई दचकली नाही. तिनं पट्टा तसाच ओढला, खीळ तिसऱ्या भोकात बसवली, आणि मग मागं वळली.

"बघ," ती म्हणाली. "सोडत हुते का आवळत हुते?"

भागिरथीनं बघितलं. तिसरं भोक.

"दीड म्हैना झाला, रोज दुपारी आवळतीय. त्याच्या आधी मला बी ठावं नव्हतं, माझ्यापसनं लपून ऱ्हायची. आवळला तरी शाळंतनं येताना पुन्हा सोडती. रोज पहिल्यावर आसनारा एकदम तिसऱ्यावर दिसला, तर कुनी आवळला म्हनून तू इचारशील, ही भीती."

"मला सांगायचं तरी!"

"काय सांगू? म्या हात लावला म्हनून? तू आईकलं आसतंस?"

"मग सोडतं कोन?"

छबूबाईनं बनूकडं बघितलं. बनूच्या डोळ्यांतून पाणी हनुवटीच्या बोळक्यात पडत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले.

"तिनं मला शपथ घातलीय," छबूबाई म्हणाली. "तुला कुनी घातली न्हाई. उद्या पहाटं तिच्या मागनं जा."

त्या पहाटे थंडी अशी होती की कुत्रीसुद्धा राखेत शिरून बसली होती. भागिरथीनं नेहमीसारखी पोरीला आंघोळ घातली, पट्टा तिसऱ्यावर बांधला, आणि बनू तांब्या घेऊन बाहेर पडल्यावर अंतर ठेवून चालू लागली. काय दिसणार याचा तिला अंदाज नव्हता. वाटेत कुणी भेटत असेल, कुणी काही खायला घालत असेल, छबूबाईनंच कुणाला तरी नेमलं असेल. देवळापर्यंत जाताना तिनं तीन-चार माणसांवर संशय घेऊन टाकला.

भैरोबाच्या पायरीशी बनूनं तांब्या ठेवला. हात मागं नेऊन चाचपडत बकलं सोडली. गळ्याचं कडं काढलं, कमरेचा साचा उकलला, आणि तो सगळा सांगाडा दीपमाळेला टेकवून उभा केला. मग देवासमोर जाऊन ती वाकली.

भागिरथी पायरीवर, तिच्या अगदी मागं उभी होती. पाठ समोर होती आणि तोंड फिरवायला इथं भिंत नव्हती. वाकलेल्या पाठीवर उजव्या अंगाला पालथी वाटी ठेवल्यासारखा उंचवटा वर आला, आणि डावं अंग खोल गेलं. पोर जमिनीवर आडवी झाली, उठली, पुन्हा वाकली. उंचवटा पुन्हा वर आला.

एकवीस दंडवत. मुक्यानं. एक दिवस चुकला की देव कोपला. हे सगळं शब्दाला शब्द तिनंच त्या पोरीच्या कानात घातलं होतं. कमरेत वाकायचं तर हा पट्टा काढावा लागतो, इतकी साधी गोष्ट सहा महिने तिच्या डोक्यात आली नव्हती. डोक्यात जागाच नव्हती, तिथं छबूबाई बसली होती. पोर पट्टा काढायची, आणि परत घालताना मागं हात पोचेल तेवढंच, पहिल्या भोकावर बांधायची. मग दिवसभर शाळेत, रानात, खेळात, तसाच.

सात. आठ. भागिरथी मोजत होती. मध्ये बोललं तर नवस मोडतो. देव कोपेल याची तिला भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. नववा झाला तशी ती पुढं झाली आणि पोरीच्या कपाळाखाली हात घातला.

"बास, बाळा."

बनूचे डोळे विस्फारले. तिनं बोट ओठांवर ठेवलं, मान हलवली, हातवारे केले, आणि शेवटी तिला राहवेना. "बोलू नगं की, आई! नवस मोडंल!" बोलून झाल्यावर तिनं तोंडावर हात दाबला.

"आता तू बी बोललीस," भागिरथी म्हणाली.

पोर तिच्या कमरेला मिठी मारून हमसाहमशी रडायला लागली. भागिरथीनं तिला पट्टा घातला. गारठ्यानं बोटं वळत नव्हती, तरी खीळ तिसऱ्या भोकात गेल्याशिवाय तिनं सोडली नाही. मग पदर खोचून ती देवापुढं गेली आणि राहिलेले बारा दंडवत स्वतः घातले. नवस मी बोलले, ती मनात म्हणाली, फेडायचा मी. रागवायचं आसंल तर माझ्यावर रागव. उठताना तिचे गुडघे सोलले होते. देवानं ऐकलं की नाही, तिला कळलं नाही.

घरी आल्यावर छबूबाईपुढं तिची मान वर होईना. "चहा टाकते," एवढंच म्हणाली. छबूबाई मशीनवर जाऊन बसली. रंभाजी ड्युटीवर होता. तो आल्यावर सांगू, असं भागिरथीनं ठरवलं. तो आला, आणि तिनं सांगितलं नाही.

चार दिवसांनी नगरची तारीख होती. फोटो काचेवर लागला. डॉक्टरीणबाईंनी फूटपट्टी आणि पेन्सिल घेऊन रेघा ओढल्या, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"छत्तीस."

रंभाजी बाकावरून उठून फोटोजवळ गेला.

"आठ महिन्यांत आठ अंश. त्यातले सहा महिने पट्टा घालूनसुद्धा." त्यांनी चिठ्ठीचा कागद पुढं ओढला. "म्हणजे पट्ट्याचा हिला उपयोग होत नाही. चाळीस व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही, पुण्याला चिठ्ठी देते. ऑपरेशनचं ते बघतील."

बनू पडद्याआड होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिकडची कपड्यांची सळसळ थांबली.

सहादेव पट्टा हातात घेऊन आत आला. उजेडाकडं धरून त्यानं चामडं बोटांनी चाचपलं.

"बाई, जरा हिकडं बघा. पहिलं भोक ताणून लांबुळकं झालंय, कडा काळ्या पडल्यात. आन् तिसरं बघा, कालच पाडल्यावानी. ह्यो पट्टा सहा म्हैने पहिल्या भोकावर व्हता."

डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली. त्यांनी एकेकाकडं बघितलं.

"न्हाई बाई," रंभाजी म्हणाला. "रातंदिस घालती ती. माझी मंडळी सवता बांधती." बोलता बोलता तो अडखळला. वीस वर्षं गाडीतल्या गर्दीत कुणाच्या हातात तिकीट नाही हे ओळखणारा माणूस तो. त्याची नजर हळूहळू फिरली आणि भावजयीवर येऊन थांबली. डॉक्टरीणबाईंची नजरही त्या नजरेमागनं तिकडंच गेली.

छबूबाई हातांची घडी घालून उभी होती. ती बोलणार नव्हती. भागिरथीला ते कळलं. पोरीनं घातलेली शपथ ती पाळणार होती, आणि सगळ्यांच्या डोळ्यांतलं सगळं अंगावर घेऊन जामखेडला निघून जाणार होती. भागिरथीनं फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याची तर तिला जन्मभराची सवय. पण ती गप्प बसली तर चिठ्ठी पुरी लिहून होणार होती, आणि पोरीची पाठ उघडली जाणार होती.

"माझ्यामुळं झालं," ती म्हणाली.

"काय?" रंभाजी वळला.

"जाऊबाईंचा दोष न्हाई. त्या आवळत हुत्या. मीच..." मग तिनं सांगितलं. एकवीस दंडवत, मुक्यानं, कुणाला सांगायचं नाही. का सांगायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही, तेही सांगितलं. हळदीचं फडकं, बकलातला दोरा, कोळशाची खूण, काही ठेवलं नाही. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की सहादेवाला पुढं झुकावं लागलं. छबूबाईनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

रंभाजी मटकन बाकावर बसला. "अगं, मी दोनदा येऊन हितं खोटं बोलून गेलो. तुझ्या तोंडचं."

"व्हय."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी फोटो पुन्हा एकदा बघितला.

"म्हणजे पट्ट्याची परीक्षा झालीच नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग भागिरथीकडं वळल्या. "सहा महिने एक सांगत होतात. आज दुसरं सांगताय. पट्टा ढिला होता हे भोक सांगतं, पण उद्यापासून तो खरंच आवळून बांधाल, हे कशावरून?"

भागिरथीच्या ओठांवर भैरोबाची आण आली. तिनं ती तिथंच थांबवली. तिच्याजवळ दुसरं काहीही नव्हतं. दोरा नाही, गाठ नाही, साक्षीला कुणी नाही. जावेला तिनं वर्षभर ज्या जागी उभं केलं होतं, त्या जागी आज ती उभी होती.

"कशावरून सांगू," ती म्हणाली. "तुमी मानू नगा. पन पोरीला चार म्हैने द्या. ह्यांनी बांधायचा पट्टा." तिनं छबूबाईकडं हात केला. "मी न्हाई. ह्यांचा हात खरा हाय."

छबूबाई वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. "आता सुचलं," ती म्हणाली. पण सहादेवाच्या हातून तिनं पट्टा घेतला आणि पडद्याआड गेली.

डॉक्टरीणबाईंनी खणातून जांभळी पेन्सिल काढली. "बांधून झालं की मला दाखवा. बकलाच्या दोन्ही कडांना मी रेघ मारणार. महिन्यानं या, चार महिन्यांनी नाही. रेघ हलली, किंवा बाक आणखी वाढला, तर मग मी कुणाचं काही ऐकणार नाही."

"व्हय बाई."

पडद्याआडून छबूबाईचा आवाज आला, "ताठ ऱ्हा. श्वास सोड. आनखी सोड." मग बनूचा, "थोरले आई, लई आवळलं गं." मग पुन्हा छबूबाईचा, "आवळायलाच हाय त्यो."

बनू बाहेर आली, मान ताठ, हनुवटी वर. डॉक्टरीणबाईंनी तिला पाठमोरी करून दोन रेघा मारल्या आणि पेन्सिल पुसून जागेवर ठेवली. पुण्याची अर्धी लिहिलेली चिठ्ठी टेबलावर तशीच होती. रंभाजी तिच्याकडं बघत होता, भागिरथीही बघत होती. डॉक्टरीणबाईंनी ती फाडली नाही. नीट चौघडी घालून बनूच्या कागदांत ठेवली, वर दगडी वजन ठेवलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.